जाहिरातीत ‘दाणा बाहेर पडत नाही’, घरात मात्र रांगोळी

बावीस वर्षं झाली, मी कृषी सेवा केंद्र चालवतो. गाव यवतमाळ जिल्ह्यातलं. दुकानात बियाणं, खत आणि फवारणीची औषधं. मृग लागायच्या आधी दरवर्षी गिऱ्हाइकाला माझं एकच सांगणं असतं. भाऊ, पिशवीवरचा फोटो पाहू नको, पिशवी उलटी कर. लॉट नंबर पाहा, पत्ता पाहा, पक्कं बिल घे. पेरणी झाल्यावर टॅग, रिकामी पिशवी अन् मूठभर बियाणं जपून ठेव, उगवलं नाही तर भांडायला कामी येते. चार तालुक्यांना हे ज्ञान वाटणारा माणूस मांजराच्या मातीत फसला, म्हणजे घरातलं मांजर घमेल्यात ज्या मातीवर शी-शू करते, तिच्यात. गावात हसून झालंय. आता दुसऱ्या कुणी फसू नये म्हणून लिहितो.

मांजर मुलीचं. नागपूरला नोकरीला होती तेव्हा तिनं खोलीत बोका पाळला, नाव टिल्लू. तिची बदली हैदराबादला झाली आणि टिल्लू आमच्याकडे आला, सोबत एक प्लास्टिकचं घमेलं आणि अर्धी पिशवी ‘लिटर’, म्हणजे त्यात टाकायची ती माती. आमच्या घरच्यांना आधी वाटलं लिटर म्हणजे दूध. गावच्या मांजरीला असलं काही लागत नाही, ती चुलीची राख नाहीतर नांगरलेलं वावर पाहते. पण टिल्लूला बाहेर सोडायची माझी हिंमत नव्हती. एक तर कुत्री. दुसरं म्हणजे उंदराचं औषध मीच गावभर विकतो. औषध खाल्लेला उंदीर खाऊन मेलेल्या मांजरी मी पाहिल्या आहेत.

मुलीनं दिलेली पिशवी संपली तोवर बारीक दाणा घरभर झाला होता. चहाच्या कपाखाली दाणा, चादरीत दाणा. त्यात सूनबाईला दिवस गेलेले. यवतमाळच्या डॉक्टरीणबाईंनी समजावून सांगितलं की मांजराच्या विष्ठेतून टॉक्सोप्लाझ्मा नावाचा परजीवी येऊ शकतो आणि तो पोटातल्या बाळाला बाधतो. मांजर हाकलायची गरज नाही, पण घमेल्याला सूनबाईनं हात लावायचा नाही, आणि दुसऱ्या कुणीतरी ते रोज साफ करायचं, कारण विष्ठा पडल्यावर तो परजीवी बाधण्याजोगा व्हायला निदान एक दिवस लागतो. घमेलं माझ्याकडे आलं. पण तीच माती पायाला लागून स्वयंपाकघरापर्यंत जात असेल तर रोज साफ करून काय उपयोग, हा किडा माझ्या डोक्यात शिरला.

जून महिना, दुकानात बियाण्यासाठी रांग. रात्री साडेअकराला मोबाइलवर जाहिरात दिसली. काळं मखमली कापड, त्यावर घमेलं. मांजर उडी मारून बाहेर येते आणि कापडावर एक दाणा नाही. ‘इम्पोर्टेड, झिरो स्कॅटर, एक दाणा बाहेर आला तर पैसे परत.’ १० किलो ८९९ रुपयांना. घरपोच पैसे द्यायची सोय नव्हती, आधीच भरायचे होते. मी भरले. बोगस बियाणं विकणारा माणूस शेतकऱ्याला नेमका पेरणीच्या घाईत गाठतो, हे मला पाठ आहे. मला रात्री साडेअकराला गाठलं.

आठ दिवसांनी पार्सल आलं. पांढरी पिशवी, पुढे मांजराचा फोटो आणि मोठ्या अक्षरात ‘10 L’. आपलं डोकं १० किलो वाचतं. ही मांजराची माती बरेचदा किलोवर नाही, लिटरच्या मापावर विकतात, हे मला नंतर कळलं. हलका माल असला की ‘६ लिटर’ची पिशवी अडीच किलोच भरते, त्यात चूक काही नाही. पण जाहिरातीत किलो आणि पिशवीवर लिटर, ही मात्र लबाडी. मी दुकानातल्या काट्यावर ठेवली, ७ किलो ३०० ग्रॅम. मग हट्टानं एक लिटरच्या मापानं मोजली, साडेपाच मापं भरली. म्हणजे ना किलो खरे ना लिटर. पिशवी उलटी केली (आता केली!). बनवणाऱ्याचं नाव नाही, पत्ता नाही, कमाल किंमत नाही, महिना-वर्ष नाही, माल कोणत्या देशातला तेही नाही. पॅकबंद मालावर हे सगळं छापलेलं असावं असा २०११ चा वजनमापाचा नियम आहे आणि तो मांजराच्या मातीलाही लागू आहे. बियाण्याची अशी पिशवी माझ्या दुकानात आली असती तर मी पायरीही चढू दिली नसती.

तरी घमेल्यात ओतली. पैसे गेले होते ना.

दुसऱ्या दिवशी सकाळी घरभर पांढरे पंजे. ओसरीवर, देवघरासमोर, टीव्हीच्या टेबलावर. घरची म्हणाली, “महालक्ष्म्यांच्या टायमाले मी इतकी पावलं काढत नाही.” मी दुकान उघडलं तर माझ्या काळ्या खुर्चीवर चार पंजे आणि एक बूड, स्पष्ट. दुकानातलं पोट्टं हुशार, अकरावीत शिकते. त्यानं चिमूट उचलून बोटांत चोळली आणि म्हणालं, “काका, हे त रांगोळी होय.”

मी चिडून म्हटलं, “काहून बे, इम्पोर्टेड आहे ते.”

“मंग इम्पोर्टेड रांगोळी होय.”

मग आम्ही दोन प्रयोग केले. एका वाटीत ती पूड घेऊन मधोमध चमचाभर पाणी टाकलं. जमणारी माती असेल तर दहा-पंधरा मिनिटांत ओल्या जागेचा गोळा होतो आणि चमच्यानं लाडवासारखा अख्खा उचलता येतो. इथे नुसता गाळ झाला, चमचा घातला की पसरला. दुसऱ्या वाटीत लिंबू पिळलं. बारीक फेस आला, फसफस ऐकू आली. चुनखडीच्या जातीच्या दगडाची पूड आम्लात अशी फसफसते. चिकणमातीच्या नावावर मला संगमरवरासारख्या दगडाचा भुगा मिळाला होता आणि वरून अत्तर मारलं होतं. अत्तर कशाला ते दोन दिवसांत समजलं. पूड काहीच शोषत नाही, वास येणारच, तो झाकायला.

टिल्लूला मात्र ते अत्तर सोसलं नाही. मांजराचं नाक आपल्यापेक्षा कितीतरी तिखट. तो शिंकायला लागला आणि तिसऱ्या दिवशी त्यानं घमेलं सोडलं. माझ्या उधारीच्या वहीवर मुतला. ती पानं अजून पिवळी आहेत, आणि दोन गिऱ्हाइकं म्हणतात की त्यांचा आकडा वाचता येत नाही.

तालुक्याच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात नेलं. तिथे बैल, गाय, बकऱ्या यांचीच गर्दी, टोपलीत बोका घेऊन बसलेला मी एकटा. डॉक्टरांनी तपासून सांगितलं की धुळीनं शिंकतोय, ही माती बंद करा, वासाची तर नकोच. आणि एक गोष्ट त्यांनी दोनदा सांगितली. बोका घमेल्यात सारखा बसतोय, जोर करतोय आणि लघवी होत नाही, असं दिसलं तर माती बदलत बसू नका, त्याच दिवशी घेऊन या. बोक्याची लघवी अडली तर एक-दोन दिवसांत जीव जाऊ शकतो.

आता फसवणुकीचा दुसरा अंक. पार्सलवर एक मोबाइल नंबर होता. फोन केला तर माणूस फार गोड. “सर, आपको गलती से लोकल बॅच चला गया.” माल बदलून देतो, फक्त वाहतुकीचे ३५० पाठवा. मी पाठवले. (हसा.) मला वाटलं, चोर असता तर फोन कशाला उचलला असता? याच विचारावर त्याचं दुकान चालतं. पंधरा दिवस काही आलं नाही. पुन्हा फोन केला तर म्हणाला, सगळेच पैसे परत करतो, व्हॉट्सॲपवर क्यूआर कोड पाठवलाय, तो स्कॅन करून पिन टाका. मी स्कॅन केलासुद्धा. पोट्ट्यानं हातातून मोबाइल ओढला, “काका, पैसे घ्यायले पिन लागते का कधी?” स्क्रीनवर ४,९९९ दिसत होते, आणि ते माझ्या खात्यातून जाणार होते.

तक्रारीचंही सांगतो. ग्राहक हेल्पलाइन १९१५ वर फोन केला, त्यांनी नीट ऐकून घेतलं, तक्रार नोंदवली आणि बिल मागितलं. बिल कुठे होतं? पैसे भरल्याचा स्क्रीनशॉट होता, ज्या नावावर पैसे गेले ते नाव जाहिरातीतल्या नावाशी जुळत नव्हतं, आणि जाहिरातीचं पान तोवर गायब. ऑनलाइन विकणाऱ्यानं आपलं कायदेशीर नाव, पत्ता आणि तक्रार ऐकणाऱ्या अधिकाऱ्याचं नाव ठळक दाखवावं असा नियम २०२० पासून आहे. पैसे भरायच्या आधी ते पान खालपर्यंत सरकवून एवढं पाहिलं असतं तरी भागलं असतं. सायबर फसवणुकीसाठी १९३० आहे, पण तिथे पैसे गेल्या गेल्या फोन करायचा असतो, म्हणजे पुढच्या खात्यात ते अडवता येतात. मी लाजेपायी वीस दिवस थांबलो. १,२४९ रुपये गेले ते गेलेच.

यानंतर मात्र मी इरेला पेटलो. नागपूरला बियाण्याच्या कामानं जाणं होतंच, दर खेपेला एक छोटी पिशवी आणायची, टिल्लूपुढे ठेवायची आणि संध्याकाळी झाडूनं गोळा झालेलं वजन करायचं.

पहिली बेंटोनाइट. गुजरातेत कच्छात ही माती खणून काढतात. तिच्यात माँटमोरिलोनाइट नावाचं खनिज असतं, पाणी पिऊन फुगणारं. हे वाचल्यावर मला हसूच आलं. आपल्या काळ्या मातीतही तेच आहे. त्याच्यामुळेच उन्हाळ्यात वावराला हात जाईल एवढ्या भेगा पडतात आणि पाऊस पडला की माती फुगून त्या मिटतात. म्हणजे मी पैसे देऊन पऱ्हाटीच्या, म्हणजे कपाशीच्या, मातीची चुलत बहीणच आणत होतो. आणि पावसात वावरातून आलं की चपलेला किलोभर चिखल का चिकटतो हे ज्याला ठाऊक आहे, त्याला बाकीचं सांगायला नको. जी माती ओल धरून गोळा होते, ती ओल्या पंजालाही धरते. चांगल्या बेंटोनाइटचा गोळा फर्मास झाला, साफ करायला सोपं, पण बारीक दाणा बोटांच्या फटीत बसून निघाला. ज्या मांजराच्या तळपायाला लांब केस असतात त्याचे तर आणखी हाल. बारीक, गोळा होणारा, स्वस्त आणि एकही दाणा बाहेर न जाणारा, असा माल कुणी विकत असेल तर तो रांगोळी विकतोय.

सिलिकाचे खडे आणले. ओल शोषतात, वासही कमी. पण गोल दाणे साबुदाण्यासारखे घरंगळत कपाटाखाली गेले.

टोफूवाली आणली. सोयाबीनचं दूध काढल्यावर उरलेल्या चोथ्याच्या कांड्या, शेवेच्या तुकड्यांसारख्या. बाहेर फार कमी आली, आली तर हातानं उचलता येते. अडीच किलोला साडेपाचशे मोजले, म्हणजे किलोला २२०. २०२५-२६ च्या हंगामाला सोयाबीनचा हमीभाव ५,३२८ रुपये क्विंटल, म्हणजे किलोला ५३, आणि तोही मिळाला तर. दुकानात मी हे बोललो तेव्हा सोयाबीन पेरणारे चार जण बसले होते. कुणी काही बोललं नाही. एकानं फक्त ती कांडी हातात फिरवून पाहिली आणि परत ठेवली.

लाकडाच्या कांड्यांवर येऊन थांबलो. त्या जाड आणि जड, पंजात अडकत नाहीत. पाणी लागलं की भुसा होतो, गोळा होत नाही, म्हणून चाळून भुसा रोज काढावा लागतो. आरा मशीनवरचा फुकटचा भुसा आधी करून पाहिला होता, तो पायालाच काय, पंख्याच्या वाऱ्यानंही उडाला. आणि त्यात प्लायवूडचा भुसा असेल तर डिंक-रसायन आलंच, तो मांजराखाली नको. जुनी माती एकदम बदलली तर मांजर रुसतं, म्हणून आठवडाभर थोडी थोडी मिसळत गेलो.

खरं सांगायचं तर अर्धा फरक मातीनं नाही, घमेल्यानं पडला. ते उथळ होतं आणि मी काठोकाठ भरत होतो. टिल्लू उकरायचा तेव्हा निम्मं बाहेर. आता धान्य ठेवायचा मोठा प्लास्टिकचा टब आहे, त्याच्या एका बाजूला आत जायला कापलंय, बाकी भिंती दीड-दोन फूट. टब मांजराच्या लांबीच्या दीडपट तरी असावा, नाहीतर ते काठावर उभं राहून करतं. माती तीन बोटं जाडीचीच. आणि बाहेर पडायच्या वाटेवर बारदाना टाकलाय, जुन्या तागाच्या पोत्याचा दुपदरी तुकडा. चार पावलं त्यावर पडली की पंजातलं बरंच तिथेच झडतं. बाजारात याच कामाची चटई पाचशे-सातशेला मिळते. रोज सकाळी मी बारदाना झटकतो. सध्या चमचाभर निघतं. शून्य कधीच निघालं नाही.

त्या पांढऱ्या पुडीतली मूठभर एका बरणीत, तारीख टाकून, काउंटरवर आहे. नवं गिऱ्हाइक विचारतं, “हे कोणतं खत होय?” मग मी पिशवी उलटी करायला सांगतो. पिशवीत उरलेली पूड घरचीनं दिवाळीला अंगणात काढली, गेरूवर चांगली उठून दिसली. आठ दिवस अंगणाला अत्तराचा वास होता आणि टिल्लू खिडकीतून पाहून शिंकत होता.