सुटा अंक की बांधीव खंड?
माटुंग्याच्या किंग्ज सर्कलला, जुन्या पुस्तकांच्या ढिगासमोर आमचा ठरलेला वाद: सुपरहिरोंची कॉमिक्स दर महिन्याला सुटी घ्यायची, की पाच-सहा अंकांचा खंड येईपर्यंत कळ काढायची?

मित्र सुट्या अंकांच्या बाजूचा. मालिका चालू राहते ती त्यांच्याच जोरावर, असं तो म्हणतो, आणि त्यात तथ्य आहे. अमेरिकेतली कॉमिक्सची दुकानं माल आगाऊ मागवतात आणि न खपलेला बहुतेक त्यांच्याच गळ्यात पडतो. म्हणून तर आगामी अंकांचा काही महिने आधीपासून गाजावाजा, वर एकाच अंकाला वेगवेगळी मुखपृष्ठं! आणि ‘खप’ म्हणून मिरवतात तो आकडा बरेचदा दुकानांनी उचललेल्या प्रतींचा असतो. १९९१ मध्ये ‘एक्स-मेन’च्या नव्या मालिकेचा पहिला अंक पाच मुखपृष्ठांसह आला, ८० लाखांवर प्रती गेल्या. एकेकाने पाचही घेतल्या असतील, तर वाचक किती उरले?

मी खंडवाला. स्वस्त पडतो, जाहिराती नसतात, गोष्ट सलग वाचता येते. शिवाय मुंबईचा पावसाळा. माझ्या एका सुट्या अंकाच्या पिना दोन जुलैंत गंजल्या. मधल्या पानावर, नेमका नायकाच्या छातीवर, तांबूस डाग. मित्र म्हणतो, पिशवीत घालून ठेवायचा होतास. असेल बुवा.

एक मात्र कबूल: खंड हाती येईपर्यंत कोण मेलं ते मला त्यानेच, दादर यायच्या आत, सांगितलेलं असतं.