पुण्यातील एका फीटल मेडिसिन केंद्राचा अनुभव : रिपोर्टातल्या एका ओळीविषयी

एकोणिसाव्या आठवड्यात घराजवळ केलेल्या ॲनॉमली स्कॅनच्या (बाळाचे अवयव नीट घडले आहेत का हे पाहणाऱ्या सोनोग्राफीच्या) रिपोर्टात ‘डाव्या बाजूस कोरॉइड प्लेक्सस सिस्ट, ४ मिमी’ अशी एक ओळ होती. तिचा अर्थ तेथे कोणीही सांगितला नाही, आणि बाळाच्या मेंदूत गाठ आहे या समजुतीने आम्ही दोन रात्री जागून काढल्या. त्यानंतर आमच्या स्त्रीरोगतज्ज्ञांनी पुण्यातील या फीटल मेडिसिन, म्हणजे पोटातल्या बाळाची तपासणी व उपचार करणाऱ्या, केंद्राकडे पाठवले.

गर्भलिंगनिदानबंदी कायद्यानुसार भरायच्या फॉर्म एफवर सही झाल्यावर सुरू झालेली तपासणी चाळीस मिनिटे चालली. डॉक्टरांनी मेंदूतील पोकळ्यांची रुंदी मोजली (ती १० मिमीच्या आत होती), लहान मेंदू पाहिला आणि मग हृदयाचे कप्पे, नाळेतील रक्तवाहिन्या, पावले व हात सावकाश तपासले. बाळ मूठ उघडेपर्यंत त्या थांबून राहिल्या. ट्रायसोमी १८ या गुणसूत्रदोषात मुठी आवळलेल्या राहतात, बहुधा हृदयदोषही असतो, आणि या सिस्टची धास्ती घेतली जाते ती त्याच दोषामुळे, हे त्यांनी समोर बसवून समजावले. कोरॉइड प्लेक्सस मेंदूतील पाणी तयार करते. त्यात साचलेला पाण्याचा हा थेंब साधारण शंभरातील एकदोन गर्भांत दिसतो, बहुतेक वेळा अठ्ठाविसाव्या आठवड्यापर्यंत विरतो, आणि बाकी सर्व अवयव नीट असतील तर मुलाच्या बुद्धीवर त्याचा परिणाम होत नाही. ॲराक्नॉइड सिस्ट मात्र निराळी : ती मेंदूच्या आवरणात असते, वाढू शकते, पाण्याची वाट अडवू शकते, म्हणून तिच्यावर लक्ष ठेवावे लागते आणि अनेकदा एमआरआय करावा लागतो. आपण दोन्हींना सरसकट ‘गाठ’ म्हणतो, त्यातूनच निम्मी भीती जन्मते असे मला वाटते.

डबल मार्करमध्ये (गुणसूत्रदोषाचा धोका आजमावणाऱ्या, आईच्या रक्ताच्या चाचणीत) धोका कमी आला असल्याने गर्भजल तपासण्याची गरज नाही, असे त्यांनी स्पष्ट सांगितले. एनआयपीटीची (आईच्या रक्तातील बाळाच्या डीएनएवरून गुणसूत्रदोष चाळणाऱ्या चाचणीची) माहिती दिली, पण आग्रह केला नाही.

उणिवा आहेत. दहाची वेळ देऊन पाऊण वाजता आत घेतले, आणि सहा महिन्यांच्या गर्भवतीही तोवर अरुंद बाकांवर बसून होत्या. रिपोर्ट केवळ इंग्रजीत मिळाला. सासूबाईंना तो मीच वाचून दाखवला.

अठ्ठाविसाव्या आठवड्यातील वाढीच्या सोनोग्राफीसाठी आम्ही येथेच नाव नोंदवले आहे. केवळ सिस्ट पाहण्यासाठी वेगळी खेप घालू नका, असे डॉक्टरांनीच बजावले.