विलेपार्ले पूर्व : संस्था भक्कम, उंचीची अडचण मोठी

पार्ले पूर्वेला घर घेणारा माणूस चौरस फुटांइतकेच पैसे आसपासच्या संस्थांसाठी मोजतो, आणि ते वसूल होतात. लोकमान्य गेले १९२० च्या ऑगस्टमध्ये. पुढच्याच वर्षी पार्ले टिळक विद्यालय सुरू झालं, १९२३ मध्ये लोकमान्य सेवा संघ. मिठाच्या सत्याग्रहात, १९३० साली, जमनालाल बजाज यांची छावणी इथेच पडली होती. १९५९ ला कॉलेज आलं, आजचं साठ्ये. मूल पहिलीपासून पदवीपर्यंत लोकल न पकडता शिकतं, आजी-आजोबा सेवा संघाच्या टिळक मंदिरातल्या ग्रंथालयात चालत जातात, नाटकाला दीनानाथ नाट्यगृह आहे. मुंबईत हे सगळं पायी अंतरावर मिळणं दुर्मीळ. १९२९ चा पार्ले कारखाना मात्र २०१६ मध्ये बंद झाला आणि स्टेशनात शिरणारा बिस्किटांचा वास गेला.

खरी अडचण इमारतींची आहे. बहुतेक जुन्या सोसायट्या तीन-चार मजली, लिफ्ट नाही, पार्किंग तुटपुंजं. पुनर्विकास अडतो तो विमानतळाच्या फनेलमुळे, म्हणजे विमानांच्या ये-जा करण्याच्या पट्ट्यात इमारतींवर असलेल्या उंचीच्या मर्यादेमुळे. विमानतळ प्राधिकरण उंचीची परवानगी समुद्रसपाटीपासून मोजून देतं. त्यातून प्लॉटची स्वतःची उंची वजा होते, आणि पाण्याची टाकी, लिफ्टची खोली, अँटेनाही त्याच मर्यादेत बसवावे लागतात. एफएसआय, म्हणजे प्लॉटच्या मानाने किती बांधकाम करता येतं ते प्रमाण, कागदावर भरपूर दिसतो, पण तो वापरायला मजलेच मिळत नाहीत. मग बिल्डरचं गणित कोलमडतं आणि सभासद भाड्याच्या घरात अडकतात. म्हणून पुनर्विकासातला फ्लॅट घेताना आधी ते उंचीचं पत्र मागा. त्यावरची उंची, पत्राची मुदत आणि मंजूर नकाशातले मजले ताडून बघा. महारेरा या गृहप्रकल्पांच्या नियामक संस्थेच्या संकेतस्थळावर नोंदलेला कार्पेट एरिया (घराच्या आतलं वापरायचं क्षेत्रफळ) करारातल्या आकड्याशी जुळवा. पत्र दाखवायला टाळाटाळ झाली, तर टोकन देऊ नका.

आवाजाचं म्हणाल तर सांताक्रूझच्या हद्दीकडे तो जास्त. मुख्य धावपट्टीवरून विमानं बहुधा पश्चिमेकडे उडतात, म्हणून घर बघायला सकाळी आणि रात्री असं दोनदा जा, खिडक्या उघड्या ठेवून बसा. हनुमान रोडला संध्याकाळी गाडी लावायला जागा मिळणं कठीण. पार्किंग नावावर नसेल तर तो खर्च आधीच धरा.

फास्ट लोकल पार्ल्याला थांबत नाही. चर्चगेटला घाईने जायचं तर स्लोने अंधेरी गाठून तिथे बदला. हार्बर मार्गाची लोकल मात्र पार्ल्याहूनच थेट मिळते.