व्हीपीएन लावल्यावर खरा आयपी लपतो का? चार तपासण्या आणि सीमाभागातल्या नेटला साजेशी निवड

व्हीपीएन (आपलं नेट दुसऱ्या सर्व्हरमधून नेणारी सेवा) चालू केला, ‘माझा आयपी’ (नेटवरचा आपला पत्ता) दाखवणारं एखादं पान उघडलं, तिथे ॲमस्टरडॅम आलं. बहुतेकांची तपासणी इथेच संपते. त्या पानाने सांगितलेलं एवढंच असतं की त्या क्षणी त्या ब्राउझरची ती एक मागणी टनेलमधून, म्हणजे व्हीपीएनच्या बंद वाटेतून, गेली. खरा आयपी बाहेर पडायच्या मुख्य वाटा मात्र चार आहेत: आयपीव्ही६ (नव्या पद्धतीचा लांब पत्ता), डीएनएस (साइटच्या नावावरून पत्ता शोधणारी सेवा), ब्राउझरमधलं वेबआरटीसी (व्हिडिओ कॉलची सोय) आणि टनेल तुटल्यानंतरचे काही सेकंद. या चारही वाटा नीट बघणारी सोपी, एकटी पद्धत नाही. त्यामुळे आपल्याकडे नेट कुठून येतं आणि कोणत्या यंत्रावर वापरतो, हे बघून तपासणी निवडावी लागते.

आधी व्हीपीएन बंद ठेवून नोंद

तुलनेला मूळ आकडे हवेत. व्हीपीएन बंद असताना आयपीलीक डॉट नेट उघडा आणि तीन गोष्टी लिहून ठेवा: आयपीव्ही४ पत्ता, आयपीव्ही६ पत्ता (असल्यास) आणि नेट कंपनीचं नाव किंवा एएस क्रमांक (कंपनीच्या जाळ्याचा ओळख क्रमांक). जिओचा क्रमांक ५५८३६, बीएसएनएलचा ९८२९, एअरटेल ब्रॉडबँडचा २४५६० आणि एअरटेल मोबाईलचा ४५६०९. पुढे व्हीपीएन चालू असताना कुठेही तुमच्या नोंदीतलं काही दिसलं तर गळती आहे.

गावाचं नाव मात्र नोंदीत धरू नका. आयपीवरून ठिकाण सांगणाऱ्या याद्या अंदाजाने चालतात. बेळगावच्या टिळकवाडीत बसून नेट वापरणाऱ्याला बेंगळुरू, हुबळी, पुणे, मुंबई यांपैकी काहीही दिसू शकतं. निपाणी, कागवाडकडे तर मोबाईल कधी कर्नाटक सर्कलचा टॉवर धरतो, कधी महाराष्ट्राचा. त्यात घरात एक सिम बेळगावचं आणि एक कोल्हापूरचं. ‘मुंबई दिसतंय म्हणजे व्हीपीएन चाललं’ आणि ‘बेंगळुरू दिसतंय म्हणजे पकडला गेलो’ हे दोन्ही निष्कर्ष चुकीचे ठरू शकतात. कंपनी आणि पत्ता जुळतो का, एवढंच बघायचं.

आणखी एक फरक इथेच समजून घ्या. मोबाईल नेटवर तुमचा आयपीव्ही४ बहुधा अनेक ग्राहकांत वाटलेला असतो. राउटरच्या वॅन (बाहेरच्या जोडणीच्या) पानावर १००.६४ ते १००.१२७ यांच्या दरम्यान सुरू होणारा पत्ता दिसला तर तोही असाच वाटपातला. आयपीव्ही६ला असं वाटप लागत नाही. तो थेट तुमच्या जोडणीचाच असतो. म्हणून मोबाईल नेटवाल्याला आयपीव्ही६ची गळती जास्त महाग पडते. व्हीपीएन चालू असताना २४०९:४० ने सुरू होणारा लांबलचक पत्ता दिसला तर तो जिओचा, २४०१:४९०० ने सुरू होणारा एअरटेलचा.

चार पद्धती समोरासमोर

| पद्धत | काय पकडते | काय सुटतं | वेळ |
|---|---|---|---|
| तपासणीच्या वेबसाइट | आयपीव्ही४, आयपीव्ही६, डीएनएस, वेबआरटीसी | ब्राउझरबाहेरचं सगळं, तुटण्याचे क्षण | ५ मिनिटं |
| व्हीपीएन कंपनीचं स्वतःचं पान | आपल्या सर्व्हरमधून जाताय का | कंपनीगणिक वेगळं | १ मिनिट |
| टर्मिनलमधून कर्ल (कमांडने पान मागणारं साधन) | ब्राउझरबाहेरचा मार्ग, तुटण्याचे क्षण | वेबआरटीसी, डीएनएस | १५ मिनिटं |
| वायरशार्क, टीसीपीडम्प (यंत्रातून जाणारी-येणारी वाहतूक पकडणारी साधनं) | जे जे टनेलबाहेर गेलं ते सगळं | फारसं काही नाही, पण वाचता यायला हवं | तासभर |

कंपनीच्या पानाबद्दल फार सांगण्यासारखं नाही. मलवाडसारख्या व्हीपीएन कंपन्यांचं पान आयपीबरोबर डीएनएस आणि वेबआरटीसीही बघतं, काही कंपन्यांचं फक्त ‘तुम्ही सुरक्षित आहात’ एवढं हिरव्या अक्षरांत सांगतं. जोडणी लागली का हे बघायला ठीक. पण विकणाऱ्याच्या काट्यावर माल तोलून समाधान मानू नये.

वेबसाइट: कोणती कशासाठी

तीन पुरतात. आयपीलीक डॉट नेट सगळं एका पानावर दाखवते आणि टॉरेंट सॉफ्टवेअर कोणता पत्ता दाखवतं तेही मॅग्नेट लिंकने तपासू देते. डीएनएससाठी डीएनएसलीकटेस्ट डॉट कॉम. तिथे साधी चाचणी ६ चौकशा करते, विस्तारित चाचणी ३६. नेहमी विस्तारितच घ्या, कारण विंडोज कधी टनेलच्या डीएनएसला विचारतं, कधी वायफायच्या. सहा चौकशांत ते निसटू शकतं. वेबआरटीसीसाठी ब्राउझरलीक्स डॉट कॉम.

डीएनएसचा निकाल वाचताना गोंधळ होतो. यादीत तुमच्या नेट कंपनीचा सर्व्हर आला तर गळती आहे, वाद नाही. गूगल किंवा क्लाउडफ्लेअर आलं तर थांबा. कदाचित ब्राउझरमध्ये किंवा मोबाईलच्या ‘प्रायव्हेट डीएनएस’मध्ये तुम्हीच ते लावलेलं असेल. तेव्हा सर्व्हरचं ठिकाण बघा. या कंपन्या बहुधा विचारणाऱ्याच्या जवळच्या केंद्रातून उत्तर देतात. व्हीपीएन ॲमस्टरडॅमचा आणि डीएनएस मात्र मुंबईचा दिसला, तर ती चौकशी टनेलबाहेरून गेल्याचा दाट संशय घ्यावा.

वेबआरटीसीच्या रकान्यात १०, १९२.१६८ किंवा १७२.१६ ते १७२.३१ ने सुरू होणारे पत्ते दिसले तर घाबरायचं कारण नाही. ते घरातले किंवा टनेलच्या आतले पत्ते आहेत. शेवटी ‘डॉट लोकल’ असलेली लांब नावं म्हणजे ब्राउझरने मुद्दाम झाकलेला स्थानिक पत्ता. ‘पब्लिक’ या नावाखाली तुमचा नोंदवलेला पत्ता आला तरच गळती. एक खोच अशी की, एखाद्या साइटला मायक्रोफोन-कॅमेऱ्याची परवानगी दिली की ब्राउझर तिला यंत्रावरच्या सगळ्या जोडण्यांचे पत्ते देऊ शकतो. तपासणीच्या पानाला ती परवानगी नसते, व्हिडिओ मीटिंगच्या साइटला असते. पान स्वच्छ दिसलं म्हणून मीटिंगमध्येही पत्ता लपलेला असेलच असं नाही.

उपाय सोपा आहे. फायरफॉक्सच्या अबाउट-कॉन्फिग पानावर ‘मीडिया डॉट पीअरकनेक्शन डॉट एनेबल्ड’ ही नोंद ‘फॉल्स’ करा. ब्रेव्हमध्ये वेबआरटीसीच्या सेटिंगमध्ये प्रॉक्सीबाहेरचं यूडीपी बंद करायचा पर्याय आहे. फायरफॉक्सवाला उपाय केल्यावर त्या ब्राउझरमध्ये व्हिडिओ कॉल चालणार नाहीत; मीटिंगसाठी दुसरा ब्राउझर ठेवा.

मोबाईल हॉटस्पॉट: इथे सगळ्यात जास्त फसगत

खेड्यात ब्रॉडबँड नाही म्हणून फोनच्या हॉटस्पॉटवर लॅपटॉप चालवणारे खानापूर, चिकोडी भागात भरपूर आहेत. फोनवर व्हीपीएन चालू आहे म्हणजे लॅपटॉपही त्यातून जातो, अशी समजूत असते. तसं होत नाही. अँड्रॉइड असो वा आयफोन, हॉटस्पॉटवरच्या यंत्रांचं नेट सहसा फोनच्या व्हीपीएनमधून जातच नाही. व्हीपीएन लॅपटॉपवर लावावा लागतो, आणि तपासणीही लॅपटॉपवरच करावी लागते.

फोनमध्ये आयपीव्ही६ची गळती तशी कमी. व्हीपीएन ॲपने फक्त आयपीव्ही४ हाताळलं तर अँड्रॉइड आयपीव्ही६ आपसूक अडवतं, ॲपने मुद्दाम मोकळं सोडलं नसेल तर. विंडोज लॅपटॉपवर ही सोय नाही. हॉटस्पॉट त्याला जिओचा आयपीव्ही६ पत्ता देतो, व्हीपीएन फक्त आयपीव्ही४ उचलतो आणि आयपीव्ही६ चालणाऱ्या साइटना खरा पत्ता जातो. वायरगार्ड (व्हीपीएनची एक पद्धत) स्वतः लावणाऱ्यांची नेहमीची चूक हीच: ‘अलाउड आयपीज’मध्ये ०.०.०.०/० (सगळं आयपीव्ही४) लिहिलेलं असतं, ::/० (सगळं आयपीव्ही६) राहून गेलेलं असतं. टेस्ट-आयपीव्ही६ डॉट कॉमवर व्हीपीएन चालू ठेवून बघा. आयपीव्ही६ मिळूच नये, किंवा मिळाला तर व्हीपीएनचा मिळावा.

तुटण्याची चाचणी: कर्ल

खानापूरच्या पश्चिमेला, जांबोटी-कणकुंबीकडे, पावसाळ्यात रेंज येते-जाते. शहरात वीज गेली की राउटर बंद पडून पुन्हा सुरू होतो. अशा नेटवर टनेल दिवसातून कितीदा तरी तुटतो, आणि त्या प्रत्येक वेळी ‘किल स्विच’ खरंच नेट अडवतो का, हा खरा प्रश्न आहे. वेबसाइट हे दाखवत नाही, कारण तुम्ही पान उघडेपर्यंत टनेल पुन्हा लागलेला असतो.

कर्ल विंडोज १०च्या २०१८नंतरच्या आवृत्त्यांत आधीपासून असतं. अँड्रॉइडवर टर्मक्स या टर्मिनल ॲपमध्ये टाकता येतं. दर सेकंदाला आयएफकॉन्फिग डॉट मी या पत्त्याला विचारणारी छोटी फेरी लावा, उत्तरं फाइलमध्ये साठवा. उणे-चार आणि उणे-सहा हे पर्याय देऊन आयपीव्ही४ आणि आयपीव्ही६ची फेरी वेगवेगळी घ्या. विचारायला तीन सेकंदांची मर्यादाही घाला, नाहीतर नेट अडल्यावर फेरी तिथेच लटकते. फेरी चालू असताना क्रमाने हे करा: वायफाय १० सेकंद बंद करून चालू, वायफायवरून मोबाईल डेटावर आणि परत, ॲपमध्ये सर्व्हरचा देश बदला, लॅपटॉप झोपवून उठवा, शेवटी टास्क मॅनेजरमधून व्हीपीएनची प्रक्रिया मारा. फाइलमध्ये व्हीपीएनचा पत्ता किंवा रिकाम्या ओळी एवढंच दिसायला हवं. तुमचा नोंदवलेला पत्ता एका ओळीत जरी आला तरी किल स्विच अपुरा आहे. बहुतेक वेळा देश बदलताना किंवा प्रक्रिया मारल्यावर तो उघडा पडतो.

अँड्रॉइडवर ॲपच्या किल स्विचपेक्षा सिस्टिमचा वापरा: सेटिंगमध्ये व्हीपीएनच्या नावापुढच्या चाकावर ‘ऑलवेज-ऑन’ आणि ‘व्हीपीएनशिवाय जोडणी अडवा’ हे दोन्ही चालू करा. तरीही नेट आहे का हे बघायची अँड्रॉइडची स्वतःची चौकशी टनेलबाहेरून जाते. मलवाडने हे ऑक्टोबर २०२२मध्ये दाखवून दिलं होतं.

वायरशार्क कोणी घ्यावं

लॉज, वसतिगृह, अनोळखी ऑफिस अशा दुसऱ्याच्या वायफायवर ज्यांचं काम चालतं त्यांनी. कारण मे २०२४मध्ये उघड झालेली टनेलव्हिजन ही युक्ती. त्यात वायफायचा डीएचसीपी (जोडलेल्या यंत्रांना पत्ते वाटणारा) सर्व्हर पर्याय क्रमांक १२१ वापरून तुमच्या यंत्रात जादा मार्ग घुसवतो, आणि ठरावीक पत्त्यांकडे जाणारी वाहतूक टनेलबाहेर वळवतो. तपासणीची साइट त्या पत्त्यांत नसेल तर ती खुशाल हिरवा निकाल देईल. अँड्रॉइड हा पर्यायच मानत नाही, त्यामुळे अँड्रॉइड फोनला याची बाधा नाही.

पकड (कॅप्चर) नेहमी वायफायच्या किंवा इथरनेटच्या जोडणीवर लावा, व्हीपीएनच्या आभासी ॲडाप्टरवर नाही. तिथे सगळं उघडंच दिसतं आणि उगाच धास्ती बसते. बाहेर जाणारं सगळं एकाच पत्त्याकडे, म्हणजे व्हीपीएन सर्व्हरकडे जाताना दिसलं पाहिजे. वायरगार्डचं नेहमीचं पोर्ट ५१८२०, ओपनव्हीपीएनचं ११९४, दोन्ही यूडीपी. एआरपी, डीएचसीपी आणि पोर्ट ५३५३ची स्थानिक गडबड सोडून द्या. पोर्ट ५३ वर काही दिसलं तर डीएनएस गळतोय. फोन तपासायचा असेल तर त्याला लॅपटॉपच्या हॉटस्पॉटवर घ्या आणि पकड लॅपटॉपवर लावा. फोनमधली रूटशिवाय चालणारी पकड-ॲप्स स्वतःच व्हीपीएनची जागा घेतात, मग खरा व्हीपीएन चालत नाही.

प्रॉक्सी असेल तर

ब्राउझरमध्ये एक्स्टेन्शन म्हणून मिळणारे बहुतेक ‘व्हीपीएन’ खरं तर प्रॉक्सी, म्हणजे मागणी पुढे पोचवणारे मध्यस्थ सर्व्हर, असतात. त्यांची धाव ब्राउझरपुरती. त्याच लॅपटॉपवर कर्लने विचारा, खरा आयपी येईल. हा दोष नाही, त्यांची रचनाच तशी आहे. फुकट यादीतल्या एचटीटीपी प्रॉक्सींचा धोका वेगळा: काही जण ‘एक्स-फॉरवर्डेड-फॉर’ या हेडरमध्ये (मागणीसोबत जाणाऱ्या माहितीत) तुमचा पत्ता स्वतःच लिहून पुढे पाठवतात. हे तपासायला हेडर दाखवणारं साधं एचटीटीपी पान लागतं. एचटीटीपीएसमध्ये प्रॉक्सी फक्त वाट करून देतो, आत काही लिहू शकत नाही, त्यामुळे कुलूप असलेल्या पानावर हा दोष दिसतच नाही. सॉक्स५ हा प्रॉक्सीचा दुसरा प्रकार वापरताना फायरफॉक्समध्ये डीएनएसही प्रॉक्सीतूनच जावं ही खूण लागलेली आहे ना, बघा. कर्लमध्ये ‘सॉक्स५’ लिहिलं तर नाव तुमचंच यंत्र शोधतं, शेवटी एच जोडला तर प्रॉक्सी शोधतो.

मग कोणी काय निवडावं

घरच्या फायबरवर बसून पुण्याच्या कंपनीचं काम करणाऱ्याने आधी ऑफिसच्या आयटीवाल्यांना विचारावं की टनेल पूर्ण आहे की विभागलेला. विभागलेल्या टनेलमध्ये फक्त ऑफिसचे पत्ते आत जातात. बाकी साइटना खरा आयपी दिसणं ठरवूनच केलेलं असतं. त्याला व्हीपीएन कंपनीचं पान (असल्यास) आणि विस्तारित डीएनएस चाचणी पुरे. हॉटस्पॉटवरच्या लॅपटॉपवाल्याने टेस्ट-आयपीव्ही६ आणि कर्लची फेरी दोन्ही करावं. वेळ एकालाच असेल तर आयपीव्ही६. बेळगावच्या उद्यमबागेतल्या वसतिगृहाच्या वायफायवरच्या विद्यार्थ्याला वायरशार्क येत असेल तर उत्तम, नसेल तर विंडोजमध्ये व्हीपीएन लावण्याआधी आणि नंतर रूट-प्रिंट कमांडची यादी घेऊन ताडावी. वायफायच्या दाराकडे (गेटवेकडे) बोट दाखवणारी ओळ, जुनी असो वा नवी, ०.०.०.०ची मूळ ओळ आणि व्हीपीएन सर्व्हरचा पत्ता सोडून आणखी कशासाठी दिसली तर ते वायफाय सोडून मोबाईल डेटा घ्यावा.

व्हीपीएन घेतानाच ‘भारतातला सर्व्हर’ हवा असेल तर एवढं लक्षात ठेवा: सर्ट-इन या सरकारी सायबर सुरक्षा संस्थेच्या २८ एप्रिल २०२२च्या आदेशाने व्हीपीएन कंपन्यांवर ग्राहकांची माहिती ५ वर्षं ठेवण्याचं बंधन आल्यावर अनेक परदेशी कंपन्यांनी इथले सर्व्हर काढले. आता त्यांचा भारतीय आयपी बऱ्याचदा सिंगापूर किंवा लंडनमधल्या यंत्रातून येतो. अशा जोडणीत एक साइट मुंबई आणि दुसरी सिंगापूर सांगेल. दोन्हीकडे नेट कंपनीचं नाव बघा. तुमच्या सिमवाल्याचं नसेल तर गळती नाही.

ॲपची किंवा विंडोजची मोठी सुधारित आवृत्ती आली, सिम पोर्ट केलं, राउटर बदलला, की आयपीव्ही६ आणि तुटण्याची चाचणी पुन्हा घ्यायची. नेट कंपनी बदलली असेल तर मूळ नोंदही नव्याने करायची.