जुनी टोपोशीट घ्यावी की नवी?

पुण्याच्या जुन्या बाजारात बुधवारी-रविवारी चक्कर मारणाऱ्याला कधीतरी कापडावर चिकटवलेली, घड्यांवर विरलेली एक इंचाला एक मैल प्रमाणाची टोपोशीट, म्हणजे डोंगर-नद्या-वाटा दाखवणारा सर्व्हे ऑफ इंडियाचा नकाशा, दिसते आणि हात खिशाकडे जातो. आधी तळाचा बारीक मजकूर वाचा. छपाईचं साल वेगळं, सर्वेक्षणाचं वेगळं. पैसे मोजायचे ते सर्वेक्षणाच्या सालाचे.

पानशेतकडची शीट धरणाआधीच्या सर्वेक्षणाची असेल तर घासाघीस आवरती घ्या. आज जिथे निळं पाणी पसरलंय, तिथे आंबी नदीची वळणं, पिवळी शेतं आणि तांबड्या ठिपक्यांची गावं सापडतात. १२ जुलै १९६१ ला फुटलेलं धरण नंतर पुन्हा उभं राहिलं. पाण्याखालची गावं नव्या नकाशात येणार कुठून? घाटवाटांचंही तसंच. गाडीरस्ता झाला की जुनी पायवाट मोडते, तिची तांबडी तुटक रेघ तेवढी जुन्या शीटवर उरते.

चालायला मात्र नवीच. प्रमाण १:५०,०००, कंटूर (समान उंचीच्या रेषा) २० मीटरवर. जुनीचं १:६३,३६०, कंटूर ५० फुटांवर, म्हणजे साधारण १५ मीटर. उंचीच्या बाबतीत म्हातारीच जरा बारकाईची! पण नाळेतला (कड्यातल्या अरुंद घळीतला) दहा मीटरचा कातळटप्पा दोन्हींच्या रेषांतून निसटतो, तेव्हा दोर न्यायचाच. शिवाय जुनीचे अक्षांश-रेखांश एव्हरेस्ट पद्धतीचे (पृथ्वीचा आकार जुन्या मापाने धरलेले), मोबाइलच्या जीपीएसशी थेट जुळवू नका. ओढे काळ्या रेघेत दिसले तर बुचकळ्यात पडू नका: काळा म्हणजे उन्हाळ्यात कोरडा, निळा म्हणजे बारमाही. मे महिन्यात बाटल्या किती घ्यायच्या, ते ही रेघ सांगते.

नव्या ओपन सीरिजच्या, म्हणजे सर्वांसाठी खुल्या नकाशांच्या, पीडीएफ सर्व्हे ऑफ इंडियाकडून २०१७ पासून मोफत मिळू लागल्या. तिथे जुने क्रमांक चालत नाहीत. जुन्या पद्धतीत तोरणा ४७ एफ/११ वर आणि राजगड ४७ एफ/१२ वर. तोरणा-राजगड करणाऱ्याला दोन शीटा घ्याव्या लागायच्या, त्याही नेमक्या डोंगररांगेवरच जोडायच्या.

स्कॅन करून फुगवलेली, फ्रेम केलेली प्रत घेऊ नका. कड्याजवळचे कंटूर एकमेकांत मिसळून तपकिरी डाग होतो. माझी मूळ शीट भिंतीवर आहे, नवीची प्रिंट सॅकच्या वरच्या कप्प्यात, दुधाच्या पिशवीत गुंडाळून.