मॉरिस मायनर: कागद आले, गाडी कुठेच नव्हती

ठाणे-नवी मुंबईतल्या जुन्या गाड्यांच्या शौकिनांसाठी हे लिहितोय. इंग्लंडातून जुनी गाडी आणून देतो सांगून आम्हाला फसवणारा दलाल अजून मोकळा आहे आणि त्याला गिऱ्हाईक आपल्यासारखंच लागतं: गाड्यांमधलं थोडंफार कळणारं, एखादी बाहेरून आणायची हौस असलेलं आणि आयातीचे नियम अर्धेमुर्धे वाचलेलं. माझे आणि माझ्या मामेभावाचे मिळून साडेबारा लाखांच्या वर गेले.

गाडी होती १९५३ ची मॉरिस मायनर, इंग्लंडात यॉर्कशरला असलेली. गाडीची निवडच बेरकी. १९४८ ते १९७१ या काळात मायनर सोळा लाखांच्या घरात बनल्या, त्यामुळे तिकडे ती काही दुर्मीळ नाही आणि सव्वासात लाख ही किंमत कुणाला खटकत नाही. स्टीअरिंग उजवीकडे. शिवाय आपल्याकडची बेबी हिंदुस्थान ती हीच, त्यामुळे कुणा ना कुणाचे आजोबा तिच्यात बसलेले असतातच. आमचेही बसलेले.

दलालाचं ऑफिस वाशीला. स्टेशनजवळच्या एका कॉम्प्लेक्समध्ये भाड्याची केबिन, भिंतीवर रॅलीचे फोटो, टेबलावर खेळण्यातल्या गाड्या. बोलणं गोड, मराठी स्वच्छ, प्रत्येक वाक्याला ‘दादा’. पहिल्या भेटीत त्याने पैशाचं नावही काढलं नाही. उलट तोच आम्हाला घाबरवत होता. म्हणाला, दादा, ही हौस महाग आहे, आधी नियम ऐकून घ्या.

आणि नियम त्याने चोख सांगितले, हे मला मुद्दाम लिहायचंय. साधी सेकंडहँड गाडी तीन वर्षांहून जुनी असेल तर देशात आणता येत नाही. विंटेजची गोष्ट वेगळी: पूर्वी त्यासाठी १९५० च्या आधीचीच गाडी लागायची, आता पन्नास वर्षांवरची चालते. कर मूळ किमतीहून जास्त बसतो. २०२१ च्या केंद्राच्या नियमांप्रमाणे विंटेजची वेगळी नोंदणी होते, नंबरात ‘व्हीए’ ही अक्षरं येतात, फी वीस हजार, नोंदणी दहा वर्षांची. रोज घोडबंदर रोडला फिरवायची नाही. रॅली, प्रदर्शन, पेट्रोल भरणं, दुरुस्ती एवढ्यासाठीच रस्त्यावर काढायची. घरी येऊन आम्ही एकेक गोष्ट पडताळली. सगळं बरोबर निघालं. त्याच्या सांगण्यात खोटी गोष्ट एकच होती, ती म्हणजे गाडी. पुढची प्रत्येक मागणी त्याने अशाच एकेका खऱ्या नियमाला टांगली.

दीड लाख बुकिंग दिल्यावर तिकडच्या लॉगबुकची, म्हणजे गाडीच्या नोंदणीच्या कागदाची, प्रत आली. इंग्लंडच्या डीव्हीएलएच्या, म्हणजे तिकडच्या आरटीओच्या, साइटवर गाडीचा नंबर टाकला की मेक, रंग, पहिली नोंदणी हे कुणालाही फुकट दिसतं. आम्ही टाकला, जुळलं. जुळणारच, कारण त्या नंबरची गाडी खरोखर आहे. तिच्या मालकाला बिचाऱ्याला वाशीत तिचा सौदा चाललाय याचा पत्ता नसणार. आणि ते लॉगबुक मालकीचा पुरावा नाही, असं त्याच्यावरच छापलेलं असतं.

मग उरलेले पावणेसहा लाख. मामेभाऊ ऐरोलीच्या आपल्या बँकेतून परस्पर इंग्लंडला पाठवणार होता. तसं केलं की बँक इन्व्हॉइस मागते, पैसे कुणाच्या नावे चाललेत ते विचारते, आयातीचे असतील तर पुढे बिल ऑफ एन्ट्रीही (आलेल्या मालाचा कस्टम्समधला कागद) मागते. दलालाला नेमकं तेच नको होतं. त्याने सांगितलं, आयात आमच्या आयईसीवर (आयातदाराच्या सरकारी नंबरावर) करू, तुमची कटकट वाचेल, पैसे आमच्या एजंटच्या खात्यात टाका. म्हणजे गाडी आली असती तरी कागदोपत्री आयातदार तोच. विंटेज नोंदणीसाठी फॉर्म २० सोबत बिल ऑफ एन्ट्री जोडावी लागते, आणि त्यावर नाव त्याचं. ही सोय सुचवणारा कुणीही भेटला तरी तिथेच उठावं, माणूस प्रामाणिक असला तरी.

जहाजाच्या भाड्याचे एक लाख चाळीस हजार गेले, बीएल आलं, म्हणजे माल जहाजावर चढल्याची पावती. त्यावर कंटेनर नंबर, जहाजाचं नाव, उतरण्याचं बंदर न्हावाशेवा. आठवडे गेले आणि एका शुक्रवारी संध्याकाळी फोन: दादा, गाडी लागली! ड्युटीचं चालान आलं, वर राजमुद्रा, दहा लाखांच्या पुढचा आकडा. हप्त्याने भरू, आत्ता चार लाख टाका, सोमवारपासून डेमरेज (माल बंदरात पडून राहिल्याचा आकार) चढेल. शनिवार-रविवारी आपण कुणाला विचारणार, हा हिशोब त्यात होता. चार लाख गेले. पुढच्याच आठवड्यात चार्टर्ड इंजिनिअरच्या सर्टिफिकेटचे ऐंशी हजार मागितले. वापरलेल्या मालाची किंमत ठरवायला असं सर्टिफिकेट लागतं, हेही खरंच.

ते ऐंशी हजार वाचले ते कळव्याच्या एका मिस्त्रींमुळे. गाडी आल्यावर काम त्यांच्याकडेच द्यायचं होतं, म्हणून फोटो दाखवायला नेले. त्यांनी चष्मा वर केला, दोन फोटो शेजारी-शेजारी धरले आणि विचारलं, गाड्या किती घेताय? बाहेरून काढलेल्या फोटोत पुढची काच मधोमध पट्टी असलेली, दोन तुकड्यांची. आतून काढलेल्या फोटोत एकच अखंड वाकडी काच. मायनरला १९५६ पर्यंत दोन तुकड्यांची काच होती. अखंड काच आली ती ‘मायनर १०००’ बरोबर. १९५३ च्या गाडीला आतून १९५६ नंतरची काच दिसायचं कारण एकच, फोटो दोन वेगळ्या गाड्यांचे होते. इतके दिवस आम्ही ते फोटो मोठे करून करून डॅशबोर्डचा रंग बघत होतो.

त्यानंतर मामेभावाच्या ओळखीतला उरणचा एक मुलगा, द्रोणागिरीला सीएफएसमध्ये (बंदराबाहेरच्या कंटेनर यार्डात) कामाला आहे, त्याला बीएल पाठवलं. त्याचं उत्तर आलं, नंबरच चुकीचा आहे. कंटेनर नंबरात चार अक्षरं, सहा आकडे आणि शेवटी एक पडताळणीचा आकडा असतो. तो आधीच्या दहांवरून गणिताने निघतो. आमच्या बीएलवरचा जुळत नव्हता. शिपिंग लाइनच्या साइटवर टाकला असता तर ‘असा कंटेनर नाही’ असं लगेच आलं असतं. बिल ऑफ एन्ट्रीचंही तसंच, कस्टम्सच्या आइसगेट पोर्टलवर बंदर, नंबर आणि तारीख टाकली की स्थिती दिसते. आमच्या नंबरावर काहीच नव्हतं. ड्युटीचं चालानही तिथेच निघतं आणि सरकारी खात्यातच भरलं जातं. सीएचए, म्हणजे कस्टम्सचं काम करून देणारे एजंट, गिऱ्हाइकाचे पैसे घेऊन ते भरतात, हे सर्रास चालतं, पण चालानाचा नंबर न देता कुणाच्या बचत खात्यात टाका म्हणणारा सीएचए नसतो. थोडी आत्ता, थोडी नंतर असा हप्ता तर कस्टम्समध्ये नाहीच.

सायबर फसवणुकीच्या १९३० या हेल्पलाइनवर फोन केला आणि त्याच दिवशी राष्ट्रीय सायबर क्राइम पोर्टलवर तक्रार टाकली. शेवटच्या चार लाखांतले एक लाख दहा हजार पुढच्या खात्यात अडकलेले सापडले आणि गोठवले गेले. ते कोर्टाच्या आदेशाने मिळतील. आधीचे पैसे कधीच पुढे सरकले होते. ज्या खात्यात आम्ही भरले ते परराज्यातल्या एका कॉलेजच्या पोराचं निघालं, महिन्याला काही हजारांवर वापरायला दिलेलं. वाशीची केबिन रिकामी. रखवालदार म्हणाला, साहेब तीन महिन्यांच्या करारावरच आले होते.

तक्रारीला लागणारे कागद आमच्याकडे होते, कारण मामेभावाला व्हॉट्सॲप काही म्हणून डिलीट करायची सवय नाही. व्हॉइस नोटसुद्धा होत्या. बँकेचा यूटीआर (त्या व्यवहाराचा) नंबर, भरल्याची वेळ, समोरचं खातं, एवढं हाताशी असलं की १९३० वरचं काम भराभर होतं.

मागच्या आठवड्यात तीच जाहिरात पुन्हा दिसली. आता गाडी १९५५ ची सांगताहेत, दलाल बेलापूरचा आहे, किंमत थोडी उतरलीय. आतले फोटो मात्र तेच: अखंड काच, फिकट हिरवा डॅशबोर्ड, डावीकडच्या सीटला दोऱ्याने शिवलेली फाट. तपास अधिकाऱ्यांना स्क्रीनशॉट दिलेत. तुमच्याकडे ही जाहिरात आली तर त्याला काही कळू न देता नंबर आणि खात्याचा तपशील मागून घ्या आणि सायबर पोर्टलवर टाका.