रॅबिटएमक्यू: सर्व्हिस जोडायला उत्तम, पण डिफॉल्टवर सोडू नका

आमच्या वेब ॲपमध्ये ऑर्डर नोंदली की पुढे चार कामं निघतात: इन्व्हॉइसची पीडीएफ, ग्राहकाला मेल, स्टॉक कमी करणं आणि रिपोर्टमध्ये नोंद. पूर्वी ऑर्डर सर्व्हिस ही सगळी कामं एचटीटीपीने एकापाठोपाठ उरकायची. मेल सर्व्हर मंदावला की ऑर्डरही अडकायची. आता मध्ये रॅबिटएमक्यू आहे, म्हणजे सर्व्हिसेसचे मेसेज रांगेत (क्यूमध्ये) ठेवून पुढे पोहोचवणारं सॉफ्टवेअर. ऑर्डर सर्व्हिस टॉपिक एक्स्चेंजवर (विषयानुसार मेसेज क्यूंमध्ये वाटणाऱ्या भागावर) एकच मेसेज टाकते आणि मोकळी होते. कोणाला काय हवं ते ज्याची त्याची क्यू बाइंडिंगमधून, म्हणजे एक्स्चेंजशी जोडणाऱ्या नियमातून, ठरवते. नवी सर्व्हिस जोडायची तर ऑर्डरच्या कोडला हातही लावावा लागत नाही.

मला सगळ्यात आवडतो तो १५६७२ पोर्टवरचा मॅनेजमेंट स्क्रीन. मेल सर्व्हिस बंद करून बघा: तिच्या क्यूसमोरचा ‘रेडी’ (वाट बघत थांबलेल्या मेसेजचा) आकडा चढत जातो, बाकीच्या क्यू नेहमीसारख्या चालू राहतात. सर्व्हिस परत सुरू केली की तो आकडा भराभर उतरतो. मेसेज नक्की कुठे अडकलाय, हे लॉग न चाळता कळतं. रात्री-अपरात्री अलर्ट आल्यावर याची खरी किंमत कळते.

तरीही इन्स्टॉल करून तसंच चालू ठेवू नका. मेसेज टिकवायचा तर क्यू ड्युरेबल (रीस्टार्टनंतरही राहणारी) हवी, मेसेज पर्सिस्टंट (डिस्कवर लिहिलेला) हवा आणि पब्लिशर कन्फर्म (मेसेज मिळाल्याची पाठवणाऱ्याला पोच) चालू हवा. यातलं एक जरी राहिलं, तरी नेमक्या गडबडीच्या वेळी मेसेज हरवू शकतो. प्रीफेचचंही, म्हणजे ॲक (काम झाल्याची पोच) येण्याआधी एका वर्करला (मेसेज उचलून काम करणाऱ्या प्रोसेसला) किती मेसेज द्यायचे याचंही तसंच. मर्यादा घातली नाही तर पहिला वर्कर क्यूतले झाडून सगळे मेसेज स्वतःकडे ओढतो, ‘अनॲक्ड’ (दिलेल्या पण पोच न आलेल्या मेसेजचा) आकडा फुगतो आणि शेजारी नव्याने उभा केलेला वर्कर रिकामा बसतो. पीडीएफसारख्या जड कामाला आम्ही प्रीफेच १ ठेवलाय, मेलसाठी बराच जास्त.

ॲक कधी पाठवायचा, यावर मी कोड रिव्ह्यूमध्ये अडूनच बसतो. आधी डेटाबेसमध्ये कमिट, मगच ॲक. या दोन्हींच्या मध्ये वर्कर कोसळला तर तोच मेसेज पुन्हा येतो आणि तो येणारच, हे गृहीत धरायला हवं. म्हणून इन्व्हॉइसच्या टेबलात ऑर्डर क्रमांकावर युनिक की (तोच क्रमांक दुसऱ्यांदा न घेणारा नियम) आहे. एकाच ऑर्डरची दोन बिलं निघत नाहीत.

एक गोष्ट मात्र रॅबिटएमक्यू सोडवून देत नाही. ऑर्डर डेटाबेसमध्ये गेली आणि मेसेज टाकण्याआधीच सर्व्हिस पडली, तर पुढच्या चारही कामांना पत्ताच लागत नाही. त्यासाठी आउटबॉक्स टेबल स्वतः लिहावं लागतं: ऑर्डर आणि निघायचा मेसेज एकाच ट्रान्झॅक्शनमध्ये, आणि तिथून उचलून पाठवणारी वेगळी प्रोसेस. हे काम टाळून फक्त क्यू बसवली तर जोडणी अर्धवटच राहते, असं माझं स्पष्ट मत आहे.

जुन्या घटना पुन्हा पहिल्यापासून वाचायच्या असतील तर काफ्का (घटनांची नोंद साठवून ठेवणारी प्रणाली) बघा. इथे साध्या क्यूमधून ॲक झालेला मेसेज जातो तो जातोच. रॅबिटएमक्यूच्या ३.९ आवृत्तीपासून स्ट्रीम्स (मेसेज वाचल्यावरही टिकवून ठेवणारा प्रकार) आहेत, पण तेवढ्याच एका गरजेसाठी मी रॅबिटएमक्यू निवडणार नाही. कामं वाटून देण्यासाठी मात्र डोळे झाकून निवडेन.

नव्याने सुरू करणाऱ्यांनी क्यूचा प्रकार पहिल्याच दिवशी ठरवावा. क्लस्टर (एकत्र चालणारे अनेक सर्व्हर) असेल तर क्वोरम क्यूच घ्या; ती राफ्ट या सहमतीच्या पद्धतीने मेसेजच्या प्रती अनेक सर्व्हरवर ठेवते. जुन्या ट्युटोरियलमधल्या मिरर्ड क्यू (प्रती ठेवण्याचा जुना प्रकार) ४.० आवृत्तीत काढून टाकल्या आहेत. आधीच असलेल्या क्यूचा प्रकार नंतर बदलता येत नाही. त्याच नावाने वेगळा प्रकार डिक्लेअर केला की ४०६ एरर येऊन चॅनेल (ॲप आणि रॅबिटएमक्यू यांच्यातला संवादाचा मार्ग) बंद होतो. मग नवी क्यू उभारा, बाइंडिंग हलवा, जुनी रिकामी होईपर्यंत दोन्हीकडे कन्झ्युमर (मेसेज वाचणारे) चालू ठेवा, एवढा सगळा खटाटोप आलाच.